फॉलिंगवॉटर: धबधब्याच्या डोक्यावरचं घर उभं कसं आहे?

निसर्गात मिसळून जाणारं घर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर लाकडी खोपटं येतं, नाहीतर छपरावर गवत उगवलेलं, वेलींनी झाकलेलं काहीतरी. आणि या बाबतीत ज्या घराचं नाव जगभर सगळ्यात आधी घेतलं जातं ते घर बघायला जावं तर त्यात यातलं काहीच नाही, उलट काँक्रीटच्या भल्यामोठ्या सपाट गच्च्या आहेत, लाल रंगवलेलं पोलाद आहे, भिंतभर काचा आहेत, आणि तरी ते घर त्या जंगलात उपरं वाटत नाही. हे जमलं कसं, आणि त्यापायी घराला स्वतःच्या हाडांवर काय सोसावं लागलं, ते जरा निवांत समजून घेऊ. फोटो बहुतेकांनी पाहिलेले असतात, पण फोटोतली ती अधांतरी गच्ची खाली का येत नाही आणि एकदा ती खरंच खाली यायच्या बेतात कशी होती, हे फारसं कुणी सांगत नाही.

घर आहे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, मिल रन गावाजवळ, पिट्सबर्ग शहरापासून साधारण ७० किलोमीटरवर. बेअर रन नावाचा ओढा तिथे जंगलातून वाहतो आणि त्याला एक छोटा धबधबा आहे. जागा होती एडगर कॉफमन यांची, पिट्सबर्गमधल्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरचे मालक, ते आणि पत्नी लिलियन सुट्टीला इथे यायचे. त्यांचा मुलगा, त्याचंही नाव एडगरच, १९३४ मध्ये फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन आर्किटेक्टकडे शिकायला गेला आणि तिथून ही ओळख झाली. राइट तेव्हा ६७ वर्षांचा. मंदीचा काळ, हातात कामं जवळजवळ नाहीत, आणि आर्किटेक्चरच्या जगात सगळी चर्चा युरोपातल्या नव्या मॉडर्न लोकांची, राइटला बहुतेकांनी मागच्या पिढीत जमा करून टाकलेलं.

डिसेंबर १९३४ मध्ये राइटने जागा पाहिली आणि परत गेल्यावर एकच गोष्ट मागितली, जागेचा नकाशा, पण असा की त्यात प्रत्येक मोठा दगड आणि प्रत्येक मोठं झाड जिथल्या तिथे दाखवलेलं हवं. हा नकाशा मार्च १९३५ मध्ये त्याच्या हातात आला. त्यानंतर कित्येक महिने कागदावर काही नाही. मग सप्टेंबरात कॉफमनचा फोन आला की मी ड्रॉइंग बघायला निघालोय, आणि राइट टेबलाशी बसला आणि ते गाडीने पोचेपर्यंतच्या दोन-तीन तासांत त्याने अख्खं घर कागदावर उतरवलं, असं तिथे हजर असलेल्या शिष्यांनी पुढे सांगितलं. ही हकीकत नेहमी जादूसारखी सांगतात. मला त्यातलं महत्त्वाचं दुसरंच वाटतं, की नकाशा येऊन सहा महिने झाले होते आणि तेवढे दिवस ते दगड आणि ती झाडं या माणसाच्या डोक्यात घोळत होती. पेन्सिल दोन तास चालली असेल, काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं.

कॉफमन कुटुंबाची अपेक्षा साधी होती. ओढ्याच्या पलीकडे, दक्षिणेच्या काठावर घर, आणि समोर धबधबा दिसतोय. कुणीही हेच मागेल. राइटने घर ठेवलं उत्तरेच्या काठावर आणि तिथून पुढे काढलं थेट धबधब्याच्या डोक्यावर, म्हणजे घरात बसून तो धबधबा नीट दिसतच नाही, दिवसरात्र ऐकू मात्र येतो, आणि बघायचा असेल तर उठून, बाहेर पडून, खाली जावं लागतं. त्याचं म्हणणं असं की धबधबा नुसता बघू नका, त्याच्यासोबत राहा. मला हे पटतं, कारण खिडकीत लावलेला देखावा चार दिवसांत सवयीचा होतो आणि मग त्याच्याकडे लक्षही जात नाही. यात एक व्यवहाराची बाजूपण होती जी फार कमी सांगितली जाते. दक्षिण काठावरून धबधबा बघायचा तर घराचं तोंड उत्तरेला आलं असतं, ऊन बेताचंच मिळालं असतं. उत्तर काठावरचं घर मात्र दक्षिणेकडे उघडतं, सूर्य समोर येतो, आणि थंड डोंगराळ भागातल्या दाट झाडीत हा फरक फार मोठा असतो.

आता मुख्य मुद्दा, घर तिथलंच वाटतं कशामुळे. त्यासाठी आधी घर सोडून खालचा खडक बघायला पाहिजे. तिथला दगड म्हणजे वालुकाश्म, वाळूचे थर एकावर एक बसून, दाबून तयार झालेला, त्यामुळे तो आडव्या थरांमध्येच असतो. काही थर कठीण, काही मऊ. पाणी मऊ थर आधी पोखरतं आणि वरचा कठीण थर पुढे आलेला राहतो, खाली आधार नसलेला, छज्जासारखा. बेअर रनच्या धबधब्यात असे आडवे छज्जे एकाखाली एक आहेत आणि पाणी त्यांच्या कडेवरून खाली पडतं. राइटने घरात नेमकं हेच केलं, मागे डोंगराला धरून दगडी भिंतींचा उभा गाभा आणि त्यातून पुढे आलेल्या आडव्या गच्च्या, एकीवर एक, वेगवेगळ्या दिशांना. म्हणजे खडकाचा रंग किंवा आकार उचललेला नाही, खडक ज्या पद्धतीने तिथे उभा आहे ती पद्धत उचललीय. म्हणूनच काँक्रीट इतकं उघड असूनही खटकत नाही.

दगडी भिंतींसाठीचा दगड तिथल्याच जागेतल्या खाणीतून काढला, धबधब्यापासून हाकेच्या अंतरावर. आणि तो रचलाय कसा ते जवळून बघण्यासारखं आहे, सगळे दगड एका पातळीत तासून बसवलेले नाहीत, लांबट आडवे तुकडे, काही दोन बोटं पुढे, काही मागे, जाडी वेगवेगळी, त्यामुळे भिंतीवर ऊन पडलं की तशाच बारीक आडव्या सावल्या पडतात जशा शेजारच्या कड्यावर पडतात.

हॉलमध्ये शेकोटीसमोर एक मोठा खडक जमिनीतून वर आलेला आहे. तो आणून ठेवलेला नाही, तो तिथलाच, घर व्हायच्या आधीपासूनचा, कॉफमन मंडळी त्यावर बसून ऊन खायची. राइटच्या डोक्यात तो फरशीच्या पातळीला कापून सपाट करायचं होतं, कॉफमननी सांगितलं राहू दे तसाच, आणि तो राहिला. मग बाकीच्या दगडी फरशीला मेण घासून चकाकी आणली आणि हा खडक मात्र तसाच कोरडा ठेवला, त्यामुळे फरशी पाण्याखालच्या ओढ्याच्या तळासारखी चमकते आणि खडक पाण्यावर डोकं काढलेल्या दगडासारखा मॅट राहतो. अख्ख्या घरातली माझ्या मते ही सगळ्यात भारी गोष्ट, आणि ती केलीय फक्त मेण लावून आणि न लावून.

काचांचंही तसंच. बऱ्याच ठिकाणी काच जिथे दगडी भिंतीला भिडते तिथे चौकटच नाही, दगडात खाच पाडून काच सरळ आत घुसवलीय, त्यामुळे भिंत आतून बाहेर तशीच चालत गेल्यासारखी दिसते, घर नेमकं कुठे संपलं ते डोळ्याला चटकन सांगता येत नाही. कोपऱ्यातल्या खिडक्या अशा आहेत की दोन्ही झडपा उघडल्या की मध्ये खांब उरत नाही, कोपराच गायब. छत मुद्दाम बुटकं, काही ठिकाणी जेमतेम साडेसहा फुटांच्या आत, उंच माणसाला दडपल्यासारखं होत असणार, पण त्यामुळे नजर वर न जाता आडवी बाहेर झाडीत जाते. घराच्या मागे डोंगराला टेकलेल्या काँक्रीटच्या तुळयांपैकी एक तुळई झाडाच्या बुंध्याला वळसा घालून पुढे गेलीय. हॉलच्या जमिनीत एक काचेचं झाकण आहे, ते सरकवलं की जिना थेट खाली ओढ्यापर्यंत, आणि त्या वाटेने पाण्यावरची गार हवा घरात येते. आणि रंग सगळे मिळून दोनच, काँक्रीटला फिकट पिवळसर आणि पोलादाला तांबूस लाल. काँक्रीटला सोन्याचा वर्ख लावावा असंही राइटने आधी सुचवलं होतं. बरं झालं ते बारगळलं.

हे सगळं किती वेगळं होतं ते त्या काळातल्या दुसऱ्या एका गाजलेल्या घराशेजारी ठेवून बघा. आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएचं व्हिला सावोय, पॅरिसजवळ पॉसी इथे, १९३१ मध्ये पूर्ण झालं, पांढरं शुभ्र, बारीक खांबांवर उचललेलं, गवतावर अलगद ठेवल्यासारखं. तिथे विचार असा की घर हे घर, निसर्ग हा निसर्ग, दोघांच्या मध्ये स्वच्छ अंतर असू द्या आणि वरून छान बघा. मीस व्हॅन डर रोहने इलिनॉयमध्ये १९५१ साली फार्न्सवर्थ हाऊस बांधलं तेही असंच, काचेचं, नदीकाठी जमिनीपासून पाचेक फूट उचललेलं, सुंदरच आहे, पण पुराचं पाणी त्याच्याही वर गेलंय एकापेक्षा जास्त वेळा. राइट जमिनीपासून सुटायला बघत नाही, तो तिला घट्ट धरतो आणि मग तिथून पुढे झेप घेतो. ब्राझीलमध्ये ऑस्कर निमायरने रिओजवळ स्वतःसाठी बांधलेल्या कानोआस घरात, १९५० च्या दशकात, ग्रॅनाइटचा मोठा खडक तसाच ठेवून त्याच्या भोवतीने घर आणि तलाव वळवलाय, तो याच बाजूचा विचार.

आता ती झेप, म्हणजे कॅन्टिलिव्हर. एका टोकाला पकडलेलं आणि दुसरं टोक मोकळं असं काहीही म्हणजे कॅन्टिलिव्हर, साधी बाल्कनी हाच प्रकार. मोकळ्या टोकावर वजन आलं की ते खाली वाकायला बघतं. वाकताना वरची बाजू ताणली जाते आणि खालची बाजू दाबली जाते, हे एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे. दगड दाब भरपूर सोसतो पण ताण त्याला झेपत नाही, तडकतो, म्हणूनच धबधब्यातले दगडी छज्जे थोडेच पुढे येतात आणि एका मर्यादेनंतर तुटून पाण्यात पडतात, ते मोठाले धोंडे खाली पडलेले दिसतात ना, त्यातले कित्येक असेच आलेले. साधं काँक्रीट यात दगडासारखंच, दाबाला पक्कं आणि ताणाला कच्चं. म्हणून त्यात लोखंडी सळया घालतात, ताण सळया घेतात. आणि कॅन्टिलिव्हरमध्ये ताण वरच्या बाजूला असल्यामुळे मुख्य सळया वरच्या बाजूला लागतात, नेहमीच्या दोन टोकांना टेकलेल्या बीमच्या बरोब्बर उलट.

फॉलिंगवॉटरची मुख्य गच्ची आधारांच्या पुढे सुमारे १५ फूट हवेत आहे. त्यातही राइटने एक हुशारी केली. नेहमी बीम खाली दिसतात आणि स्लॅब त्यांच्यावर असतो, इथे उलटं आहे, स्लॅब तळाला आणि बीम त्याच्या वर उठलेले, त्यावर लाकडी पट्ट्या आणि मग दगडी फरशी, त्यामुळे खालून बघणाऱ्याला बीम दिसत नाहीत, खडकाच्या छज्जासारखा सपाट तळ दिसतो. आणि खालची बाजू दाब घेणारी असल्याने तो रुंद स्लॅब तिथे ताकदीच्या हिशेबानेही बरोबर जागी आहे. म्हणजे कल्पना चांगली होती. गडबड झाली सळयांच्या हिशेबात.

राइटच्या ड्रॉइंगमध्ये मुख्य बीमला प्रत्येकी आठ सळया होत्या, एक इंच जाडीच्या. कॉफमन यांना काळजी वाटली, त्यांनी पिट्सबर्गच्या मेट्झगर-रिचर्डसन या इंजिनियरिंग फर्मकडून तपासून घेतलं, आणि फर्मने सळया दुप्पट केल्या, आठच्या सोळा, राइटला न विचारता. राइट प्रचंड चिडला, त्याचं म्हणणं जास्त लोखंडाने वजन वाढतं आणि सळया इतक्या जवळ आल्या तर मधून काँक्रीट नीट उतरत नाही. मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. पण पुढे कॉम्प्युटरवर हिशेब झाला तेव्हा निघालं की आठ सळयांवर ती गच्ची टिकलीच नसती, आणि सोळासुद्धा कमीच होत्या. सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट घट्ट होईपर्यंत खाली लावलेल्या फळ्या आणि टेकू, काढलं त्याच दिवशी गच्चीचं टोक पावणेदोन इंच खाली आलं. एरवी असं टोक थोडं खाली येणार हे धरून सेंटरिंग आधीच जरासं वर चढवून ठेवतात, म्हणजे खाली आल्यावर ते सपाट होतं, इथे तेही केलेलं नव्हतं.

बांधकाम चालू असतानाच अविश्वास इतका वाढला की कॉफमन यांच्या बाजूने एका गच्चीखाली गुपचूप आधाराची दगडी भिंत उभी केली गेली. राइटच्या लक्षात आल्यावर त्याने काही बोलायच्या ऐवजी त्या भिंतीचा सगळ्यात वरचा थर काढून ठेवायला लावला, म्हणजे भिंत गच्चीला टेकतच नाही, आणि नंतर कॉफमनना नेऊन दाखवलं की बघा, आधार नाही तरी उभी आहे. किस्सा रंगवून सांगायला छान आहे, पण महिनाभर उभी राहिली म्हणजे साठ वर्षं राहील असं काँक्रीटच्या बाबतीत होत नाही.

कारण काँक्रीट सतत वजनाखाली असलं की हळूहळू वाकत राहतं. याला इंजिनियर क्रीप म्हणतात. वर्षाला दिसणार नाही इतकं, पण थांबत नाही, विशेषतः ताकद मुळातच बेताची असेल तर. त्यात आणखी एक भानगड होती. वरच्या मजल्याची गच्ची तर खालच्या गच्चीपेक्षाही पुढे आलेली, आणि तीही स्वतःच्या बळावर पुरेशी उभी नव्हती, तिचं वजन हॉलच्या खिडक्यांमधल्या उभ्या पोलादी पट्ट्यांमधून खालच्या गच्चीच्या टोकाजवळ उतरत होतं. म्हणजे खालची गच्ची स्वतःचं आणि वरचीचंही वजन वाहत होती आणि दोघी मिळून वाकत होत्या. कठड्यांना तडे सुरुवातीपासूनच होते. कॉफमन यांनी नंतर वर्षानुवर्षं या वाकण्याची मोजमापं करवून ठेवली, आणि पुढे दुरुस्ती करणाऱ्यांना त्या जुन्या आकड्यांचा फार उपयोग झाला.

१९९० च्या दशकात रॉबर्ट सिलमन यांच्या इंजिनियरिंग फर्मने नीट अभ्यास केला तेव्हा मुख्य गच्ची टोकाला जवळजवळ सात इंच खाली आलेली होती, १५ फुटांत सात इंच, आणि वाकणं अजून चालूच. सळयांवरचा ताण धोक्याच्या रेषेजवळ. १९९७ मध्ये लगेच ओढ्याच्या पात्रात पोलादी टेकू उभे केले, घराचं सगळं सौंदर्य ज्या मोकळ्या जागेत आहे नेमकी तीच जागा टेकूंनी भरली, दुसरा इलाजच नव्हता.

कायमची दुरुस्ती २००२ मध्ये झाली आणि ती कशी केली ते ऐका. कायमचा खांब लावणं म्हणजे घर मारून टाकणं, त्यामुळे बाहेरून काहीही न दिसता ताकद वाढवायची होती. हॉलच्या फरशीचे दगड नंबर टाकून एकेक उचलले, खालचं लाकूड काढलं, उलट्या रचनेमुळे बीम वरून उघडे पडले. (स्लॅब वर असता तर हे इतकं सरळ झालं नसतं.) मग बीमच्या कडेने जाड पोलादी केबल टाकल्या, दोन्ही टोकांना काँक्रीटचे ठोकळे घट्ट बसवून त्यांत अडकवल्या आणि जॅक लावून ताणल्या. पुस्तकांची आडवी ओळ दोन्ही हातांनी दोन्हीकडून जोरात दाबून उचलली तर मधली पुस्तकं पडत नाहीत ना, तेच इथे, केबल बीमला दोन्ही टोकांकडून दाबून धरतात, त्यामुळे वरच्या बाजूला ताण यायच्या आधी तो दाब संपावा लागतो. याला पोस्ट-टेन्शनिंग म्हणतात, पुलांमध्ये नेहमीचं तंत्र आहे. ताणल्यावर गच्ची टेकूंवरून किंचित वर उचलली गेली, टेकू मोकळे झाले, काढून टाकले, फरशीचे दगड नंबराप्रमाणे परत जागेवर.

गच्ची पूर्ण सरळ मात्र केली नाही, आणि हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. साठ-पासष्ट वर्षांत खिडक्यांच्या चौकटी, काचा, दगडी भिंती सगळं त्या वाकलेल्या आकाराशी जुळवून बसलेलं होतं, जोर लावून सात इंच परत वर घेतलं असतं तर या सगळ्याचे तुकडे झाले असते. पुढचं वाकणं थांबवलं, झालेलं वाकणं राहू दिलं. गच्च्या आणि बाकीची डागडुजी धरून या सगळ्या मोहिमेचा खर्च सुमारे १ कोटी १५ लाख डॉलर. मुळात घर, पाहुण्यांसाठी १९३९ मध्ये मागे चढावर बांधलेलं छोटं घर, फर्निचर, राइटची फी, सगळं मिळून १ लाख ५५ हजार डॉलर लागले होते आणि सुरुवातीचा अंदाज होता ३५ हजार.

पाण्याचा त्रास तर आहेच, सपाट छपरं, दगडात घुसवलेल्या काचा, वर बारमाही ओलावा, त्यामुळे घर पहिल्यापासून गळतं, आणि थंडीत सांध्यांतलं पाणी गोठून फुगलं की दगडांच्या फटी आणखी रुंदावतात. निसर्गाच्या इतकं जवळ बसायचं तर तो आत येणारच, हे बांधणाऱ्यांनी मनाशी धरलेलं असावं लागतं आणि नंतर सांभाळणाऱ्यांनी तर रोजच.

१९६३ मध्ये धाकट्या एडगर कॉफमनने घर आणि आसपासचं जंगल वेस्टर्न पेनसिल्व्हेनिया कॉन्झर्व्हन्सी या संस्थेला देऊन टाकलं, पुढच्याच वर्षापासून ते लोकांना बघायला खुलं झालं, आणि २०१९ मध्ये राइटच्या इतर सात इमारतींसोबत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. घराबद्दल बोलताना नाव कायम एकट्या राइटचं येतं. ज्यांनी शिव्या खाऊन सळया दुप्पट केल्या ते पिट्सबर्गचे इंजिनियरही तितक्याच मोठ्याने सांगायला हवेत, त्यांच्या त्या जास्तीच्या आठ सळया नसत्या तर केबल टाकायला बीमच उरले नसते.